महापौरांची गांजा-समिती

न्यूयॉर्कच्या एका विमानतळाला ज्यांचे नाव आहे, त्या फिओरेलो ला गार्डिया यांची ओळख कडक, तापट आणि निष्कलंक महापौर अशीच बहुधा करून दिली जाते. टॅमनी हॉल या भ्रष्ट राजकीय गोटाच्या हातून त्यांनी शहर सोडवले, जुगाराची यंत्रे स्वतः घण घालून फोडली, हे सांगितले जाते. मात्र याच महापौरांनी गांजाच्या दुष्परिणामांविषयीच्या आरडाओरडीची शास्त्रीय तपासणी करवून घेतली होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

११ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या ला गार्डियांचे वडील इटालियन वादक, तर आई ट्रिएस्टच्या ज्यू घराण्यातली. वडील अमेरिकन लष्कराच्या बँडचे प्रमुख असल्याने मुलाचे बालपण ॲरिझोनाच्या छावण्यांत गेले. तरुणपणी युरोपातील अमेरिकन वकिलातींत काम करताना त्यांनी अनेक भाषा आत्मसात केल्या. त्या जोरावर एलिस बेटावर उतरणाऱ्या निर्वासितांचे दुभाषे म्हणून नोकरी मिळाली आणि ती सांभाळून रात्रीच्या वर्गांत कायद्याची पदवी घेतली. १९१६ मध्ये ते अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर विमानदलात होते. १९२१ साली क्षयाने तान्ही मुलगी आणि पाठोपाठ पत्नी अशा दोघींना नेले. त्या आघातातून सावरून ते पुन्हा राजकारणात उतरले, ते पूर्व हार्लेमचे प्रतिनिधी म्हणून.

अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि तिचे सर्वांत खट्याळ विरोधक ला गार्डिया होते. १९२६ मध्ये त्यांनी पत्रकारांना बोलावून औषधाच्या दुकानात मिळणारे माल्ट टॉनिक आणि कायदेशीर बिनमद्याची बिअर एकत्र केली आणि चवदार बिअर तयार करून दाखवली. त्यांना दारूचे कौतिक नव्हते. जो कायदा पाळला जात नाही तो पोलिसांना लाचखोर बनवतो, हा त्यांचा मुद्दा होता. याच काळात पनामातील अमेरिकन सैनिकांच्या गांजा ओढण्याबद्दल लष्कराने केलेल्या चौकशीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. गांजा तुलनेने निरुपद्रवी असल्याचा त्यातील निष्कर्ष त्यांच्या ध्यानात राहिला.

१ जानेवारी १९३४ रोजी ते महापौर झाले. न्यूयॉर्कचे महापौरपद आपल्याकडच्या महापौरपदासारखे मानाचे नाही. पोलीस, रुग्णालये, तुरुंग असा सारा कारभार तेथे महापौरांच्या हाती असतो. त्यामुळे गांजाचा प्रश्न त्यांच्या दाराशी येणारच होता. फेडरल ब्युरो ऑफ नार्कोटिक्सचे प्रमुख हॅरी अँस्लिंगर यांनी गांजा म्हणजे खून आणि वेड असे समीकरण देशभर रुजवले होते. १९३७ मध्ये मारिजुआना टॅक्स ॲक्ट आला. नाव कराचे, काम बंदीचे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या वतीने डॉ. विल्यम वुडवर्ड यांनी काँग्रेसच्या समितीपुढे विरोध नोंदवला, तो वाया गेला. कोलकात्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांनंतर ही भारतीय वनस्पती पाश्चात्त्य वैद्यकात दाखल झाली होती आणि अमेरिकेच्या औषधकोशात तिला जवळजवळ शतकभर स्थान होते. १९४२ मध्ये ते गेले.

शाळकरी मुलेसुद्धा गांजा ओढतात, अशा अफवा न्यूयॉर्कमध्ये पसरल्या तेव्हा ला गार्डियांनी आपल्या रिवाजाप्रमाणे डॉक्टरांकडे धाव घेतली. १९३८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनचा सल्ला मागितला आणि अकॅडमीच्या शिफारशीवरून पुढच्या वर्षी डॉ. जॉर्ज वॉलेस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पैसा खासगी न्यासांनी दिला. अमली पदार्थविरोधी पथकातील साध्या वेशातले पोलीस हार्लेमच्या गल्ल्यांत, नृत्यगृहांत, ‘टी पॅड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गांजा ओढण्याच्या खोल्यांत जाऊन बसले. शाळांभोवतीही त्यांनी पाळत ठेवली. दुसरीकडे वेल्फेअर बेटावरील रुग्णालयात गांजाचा शरीरावर, बुद्धीवर आणि स्वभावावर होणारा परिणाम तपासला गेला. हे प्रयोग मुख्यतः कैद्यांवर झाले. आजच्या नीतिनियमांत ते सहजी बसणार नाहीत आणि अहवालाचे गुण गाणाऱ्यांना याचा सोयीस्कर विसर पडतो.

१९४४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. गांजामुळे वैद्यकीय अर्थाने व्यसनाधीनता जडत नाही, त्यातून माणूस अफू-हेरॉइनकडे वळतो असे दिसत नाही, गंभीर गुन्ह्यांचे ते निर्णायक कारण नाही, शाळकरी मुलांत त्याचा प्रसार नाही आणि भीषण परिणामांच्या कथा निराधार आहेत, असे समितीचे म्हणणे होते. मोठ्या मात्रेनंतर काहींना भीती आणि मानसिक अस्वास्थ्य जाणवल्याची नोंदही तिने लपवली नाही. अहवालाचा एक भाग औषधी उपयोगांविषयी होता. गांजामुळे भूक वाढते, मन प्रसन्न होते आणि अफू-हेरॉइन सोडताना होणारा त्रास सोसण्यास त्यातील द्रव्यांची मदत होऊ शकेल, अशी शक्यता त्यात मांडली होती.

प्रस्तावनेत ला गार्डियांनी समाधान व्यक्त केले, पण हातचे राखून. बंदीच्या कायद्याची अंमलबजावणी आपण चालूच ठेवू, असे त्यांनी स्पष्ट केले. व्यसनमुक्तीसाठी हे द्रव्य उपयोगी ठरेल या आशेने संशोधन पुढे चालावे, असेही लिहिले. गांजा खुला करा, असे ते कधीच म्हणाले नाहीत. सवंग नाट्यगृहे आणि पिनबॉलची यंत्रे बंद करणाऱ्या या माणसाकडून ती अपेक्षाही नव्हती. शिवाय अप्रिय अहवालांच्या बाबतीत त्यांचा स्वतःचा हातही पूर्ण स्वच्छ नव्हता. १९३५ च्या हार्लेम दंगलीनंतर नेमलेल्या समितीचा अहवाल त्यांनी दाबून ठेवला आणि अखेर एका कृष्णवर्णीय वृत्तपत्राने तो छापला. गांजाचा अहवाल मात्र त्यांनी बाहेर येऊ दिला. पाच वर्षे मागे लागून मिळवलेले उत्तर वॉशिंग्टनला खुपणारे होते, तरीही.

अँस्लिंगर यांनी अहवालावर कडाडून टीका केली. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्राने अग्रलेख लिहून तो अशास्त्रीय ठरवला. आठ वर्षांपूर्वी बंदीला विरोध करणारी संघटना हीच. त्या वर्षअखेर ला गार्डियांचे महापौरपद संपले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संघटनेचे प्रमुख म्हणून त्यांनी युद्धात होरपळलेल्यांसाठी धान्य गोळा केले. २० सप्टेंबर १९४७ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ब्राँक्समधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. मागे राहिले ते गहाण घर आणि थोडे युद्धकर्जरोखे. ज्या संशोधनाची आशा त्यांनी धरली होती, ते पुढे सरकले नाही. १९५१ च्या बॉग्ज कायद्याने तर गांजा बाळगणाऱ्यांनाही सक्तीची किमान शिक्षा लागू केली.

१९६६ साली डेव्हिड सॉलोमन यांनी संपादित केलेल्या संग्रहात हा अहवाल पुन्हा छापला गेला आणि नव्या पिढीने तो वाचला. औषधाच्या प्रश्नाला तोंड फुटले ते पुन्हा एका शहरातच. एड्सचे थैमान चालू असताना, १९९१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या सुमारे ८० टक्के मतदारांनी गांजाला औषधांच्या यादीत परत घ्यावे असा कौल दिला. त्याच्या पाठोपाठ १९९६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. ला गार्डियांच्या न्यूयॉर्क राज्यात रुग्णांना ही मुभा २०१४ च्या कायद्याने मिळाली. त्या कायद्यातही तेल, गोळ्या चालत होत्या, ओढण्यास मनाई होती.