केसोबास आणि विचारशास्त्राचे प्रयोजन

विचारशास्त्राचे अध्ययन करणाऱ्या साधकास केव्हातरी हा प्रश्न पडतोच, की जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचा इतका सूक्ष्म निवाडा कशासाठी करावयाचा? अनुसरलेल्याने नामस्मरण करावे, अटन करावे, भिक्षेचे अन्न सेवावे; तेवढ्याने भागत नाही काय? आणि निवाडा करावयाचाच, तर तो कोणासाठी? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ज्यांच्या चरित्रात एकत्र सापडते, असे आचार्य म्हणजे केसोबास, अर्थात केशिराज व्यास.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी शके ११९६च्या (इ. स. १२७४) सुमारास उत्तरापंथे गेले. मागे राहिलेला परिवार श्रीनागदेवाचार्यांनी, म्हणजे भटोबासांनी, सांभाळला. श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत त्यांनी ऋद्धिपुरी अनेक वर्षे काढली. याच काळात म्हाइंभटांनी ठिकठिकाणच्या भक्तांकडून लीळा मिळवल्या आणि भटोबासांकडून त्या पारखून घेऊन लीळाचरित्र सिद्ध केले. केसोबास हे भटोबासांचे शिष्य. स्वामींच्या मुखातून निघालेला शब्द त्यांना आचार्यांकडून व लीळांच्या द्वारेच लाभला. पुढे त्यांच्या हातून जे कार्य झाले, त्याचे बीज बहुधा याच वियोगात असावे. ज्याने प्रत्यक्ष ऐकले, त्याच्यापाशी शब्दाबरोबर प्रसंगाची आठवण असते. ज्याला केवळ शब्दच मिळाला, तो त्यालाच प्राणपणाने जपतो.

केसोबास संस्कृताचे जाणते पंडित होते. दामोदर पंडितांशी त्यांचा विशेष स्नेह. दोघेही शास्त्राभ्यासात मुरलेले, त्यामुळे भटोबासांपुढे प्रश्न मांडतानाही त्यांच्या तोंडी संस्कृतच येई. भटोबासांनी ते चालू दिले नाही. स्वामींनी आपणास मऱ्हाटीत निरूपण केले, तेव्हा पुसणेही मऱ्हाटीतच व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. केसोबासांनी रत्नमाला हे स्तोत्र संस्कृतात रचले आणि तशीच आणखी रचना करण्याचे त्यांच्या मनात आले. त्या वेळी आचार्यांनी त्यांना थांबवले. कारण एकच दिले. ग्रंथ संस्कृतात गेला, तर मार्गातील म्हाताऱ्या त्यास मुकतील.

हा निषेध पांडित्याचा नव्हता. स्मृतिस्थळातील हा प्रसंग भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. परंतु त्याचे मर्म त्याहून खोल आहे. विचाराचे फळ जर वादात जय मिळवणे हे असते, तर संस्कृतच योग्य होते, कारण वादसभा संस्कृताची होती. पण जीव हा बद्धमुक्त आहे. देवतांची फळे नाशिवंत आहेत, मोक्ष परमेश्वरावाचून अन्य कोणी देऊ शकत नाही, आणि हे कळल्यावाचून जीव कोणाच्या मागे जावे याचा निर्णय करू शकत नाही. म्हणून निवाडा हवा. आणि तो ज्याला तरावयाचे आहे त्या प्रत्येकाला हवा. महदाइसा, आउसा, उमाइसा यांना तो पंडितांइतकाच हवा. महदाइसा तर अखंड पुसणारी. तिच्यासारख्यांच्या जिज्ञासेमुळे स्वामींचे किती निरूपण प्रकट झाले! ज्यांच्या प्रश्नांतून शास्त्र उमलले, त्यांच्यापासूनच ते दुरावावे, याहून विपरीत ते काय?

केसोबासांनी आज्ञा मानली. विद्वानाला हे सोपे नसते. आयुष्यभर कमावलेले साधन बाजूस ठेवावे लागते. परंतु त्यांनी आपले पांडित्य टाकून दिले नाही, ते निराळ्या कामास लावले. लीळाचरित्रात प्रसंगोप्रसंगी विखुरलेली स्वामींची वचने त्यांनी निवडली, प्रसंगातून सोडवली आणि प्रकरणांत गोवली. तोच सूत्रपाठ. त्यात अन्यव्यावृत्ती आहे, संसरण आणि उद्धरण आहे, आणि जीवाने कसे असावे हे सांगणारी असतिपरीही आहे. विचार आणि आचार एकाच ग्रंथात शेजारी नांदतात. निवड व मांडणी करणाऱ्याने आपला एकही शब्द स्वामींच्या शब्दात मिसळला नाही. तर्कशुद्ध बुद्धीची ही केवढी मोठी शिस्त!

दृष्टान्तपाठात मात्र त्यांचा स्वतःचा स्वर ऐकू येतो. वर स्वामींचे सूत्र, मध्ये स्वामींनीच सांगितलेला दृष्टान्त आणि खाली केसोबासांचे दार्ष्टान्तिक, अशी ११४ दृष्टान्तांची ही रचना. जात्यंधांचा हत्ती घ्या. ज्याच्या हाती जो अवयव लागला, तेवढाच हत्ती असे तो म्हणतो. डोळस मात्र सगळा हत्ती पाहतो. परमेश्वराच्या एकेका शक्तीलाच पूर्ण वस्तू मानणाऱ्या मतांचा एवढा अवघड विषय यात कोणत्याही परिभाषेवाचून उलगडतो. स्वामींच्या एकाकी भ्रमंतीचा संबंध ज्या झाडीमंडळाशी आला आणि ज्याने निळभट भांडारेकारांसारखा भक्त दिला, त्या मुलखात, लाखांदूरच्या बांधीत रोवणा करणाऱ्या बाईलाही हा हत्ती आज समजावून द्यावा लागत नाही.

पुढे पंथात सूत्रांवर लक्षणबंद, विचारबंद, आचारबंद असे भाष्यग्रंथ वाढले. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत पोथ्या बंदिस्त झाल्या. त्यामुळे त्या शतकानुशतके शुद्ध राहिल्या हे खरे. पण म्हाताऱ्यांसाठी मऱ्हाटीत आलेला ग्रंथ लिपीच्या कुलपाआड गेला, हेही तितकेच खरे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेने, भवाळकर यांच्यासारख्या संशोधकांनी तो छापून बाहेर आणला. पण कुलूप होते त्या काळातही शास्त्र कंठात राहिले होतेच. लीळाचरित्राची मूळ पोथी हरवल्यावर ज्यांच्या स्मरणातून लीळा पुन्हा उभ्या राहिल्या असे परंपरा सांगते, त्या हिराइसा दामोदर पंडितांच्या पत्नी आणि भटोबासांच्याच शिष्या होत्या.