मीर सुलतान खान आणि घरचा कॉम्प्युटर



पालक भेटायला येतात तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. मुलाला बुद्धिबळाची गोडी लागली आहे, घरी कॉम्प्युटर आहे, तर त्यावर कोणता प्रोग्राम घालावा? विकतचा की फुकटचा? डावांचा संग्रह आधी घ्यावा की चाली तपासणारे इंजिन? नावांची यादी देऊन मोकळे होता आले असते. पण मला मीर सुलतान खान यांचे चरित्र सांगावेसे वाटते. त्यांच्याजवळ यातले काहीच नव्हते, त्यामुळे त्यांचे कुठे अडले आणि कुठे मुळीच अडले नाही, हे स्वच्छ दिसते.

त्यांचा जन्म १९०३ च्या सुमारास पंजाबातील मिठा टिवाणा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना बुद्धिबळ शिकवले, पण ते देशी बुद्धिबळ. काही घरांतील आजोबांना तो खेळ अजून आठवत असेल. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. दोन्ही फौजा सावकाश मांडणी करतात. विलायती खेळात प्यादे सुरुवातीलाच दोन घरे जाऊ शकते, लढाई लवकर जुंपते, आणि म्हणून तिथे पहिल्या दहा-पंधरा चालींचे मोठे शास्त्र तयार झाले आहे.

पंजाबचे एक मोठे जमीनदार सर उमर हयात खान यांनी १९२६ मध्ये त्यांना आपल्याकडे आणले आणि विलायती नियम शिकवण्याची व्यवस्था केली. देवासच्या दरबाराने उस्ताद रजब अली खाँसाहेबांना मान दिला, तसाच हा प्रकार समजावा. फरक एवढाच की इथे आश्रय गळ्याला नव्हता, डोक्याला होता. १९२८ मध्ये सुलतान खान अखिल भारतीय स्पर्धा जिंकले, तीही एकही डाव न हरता. १९२९ च्या एप्रिल महिन्यात सर उमर त्यांना लंडनला घेऊन गेले.

तिथे सरावासाठी एक लहान स्पर्धा ठेवली गेली आणि तीत त्यांची कामगिरी फिकी पडली. कारण उघड होते. प्रतिस्पर्धी सुरुवातीच्या चाली पुस्तकांतून शिकून येत, सुलतान खान त्या पटावर बसल्यावर शोधत. मग विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांना त्या भागाची तयारी करून दिली. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे ते ब्रिटिश विजेते झाले.

विंटर आणि येट्स यांचे ते काम आज डावांचा संग्रह करतो. एखादी सुरुवात कोणी कशी खेळली, पुढे काय झाले, हे शोधायचे ते यातच. चेसबेसच्या मोठ्या संग्रहात १ कोटीहून अधिक डाव आहेत, पण त्याला पैसे पडतात. शाळकरी मुलाला स्किड हा विनामूल्य प्रोग्राम पुरेसा आहे. इंग्लंडचे मार्क क्राउदर १९९४ पासून दर आठवड्याचे डाव विनामूल्य देत आले आहेत, ते त्यात भरता येतात. मुलाने स्वतःचे डावही त्यातच लिहून ठेवावेत, आणि पीजीएन या पद्धतीत ठेवावेत, म्हणजे उद्या प्रोग्राम बदलला तरी मेहनत वाया जात नाही.

आता दुसरी बाजू. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत सुलतान खान यांच्यासमोर क्यूबाचे कापाब्लांका होते. ते १९२१ ते १९२७ जगज्जेते होते, आणि त्यांना हरवणे ही दुर्मीळ गोष्ट मानली जाई. सुलतान खान यांनी घाई केली नाही. हळूहळू फास आवळत नेला आणि ६५ चालींत डाव जिंकला. पुढे १९३१ मध्ये तार्ताकोव्हर यांच्याशी झालेला सामनाही त्यांनी जिंकला. इंग्लंडच्या संघातून ते ऑलिंपियाडमध्ये पहिल्या पटावर खेळले, आणि १९३२ व १९३३ मध्ये पुन्हा ब्रिटिश विजेते झाले. हे मधल्या आणि शेवटच्या टप्प्यातले बळ कोणी त्यांना काढून दिले नव्हते. ते पटासमोर तासन् तास बसून आले होते.

म्हणून इंजिनाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. स्टॉकफिश विनामूल्य आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालते आणि कोणत्याही माणसापेक्षा बलवान आहे, तेव्हा पैसे मोजण्याचा प्रश्नच नाही. धोका वेगळा आहे. डाव संपला की मूल लगेच बटण दाबते, उत्तर बघते आणि उठते. २०२४ चे जगज्जेते गुकेश यांना त्यांच्या प्रशिक्षकांनी ग्रँडमास्टर होईपर्यंत इंजिनापासून दूर ठेवले होते. एवढे नाही जमले तरी आधी वहीत आपले कारण लिहावे, मगच इंजिन उघडावे. कापाब्लांकांचा तो डाव संग्रहात सहज सापडतो. इंजिन बंद ठेवून सुलतान खान यांची पुढची चाल ओळखून पाहा. शनिवारची एक दुपार त्यात सहज जाते.

इंग्लंडची हवा त्यांना सोसली नाही. सर्दी, घसा, हिवताप यांनी ते बेजार असत, गळ्याला पट्टी गुंडाळून खेळत. १९३३ च्या शेवटी सर उमर यांच्यासोबत ते परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी १० डावांचा सामना झाला. खाडिलकरांच्या वाट्याला एक बरोबरी आली, बाकी सगळे डाव सुलतान खान यांनी जिंकले. त्यानंतर ते मोठ्या स्पर्धांत दिसले नाहीत. आपल्या शेतीवाडीत रमले. अनेक पुस्तकांत त्यांना निरक्षर नोकर म्हटले आहे, त्यांच्या कुटुंबीयांना मात्र ते मान्य नाही. मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकवले नाही, याहून उपयोगी काही करा असे ते सांगत. बुद्धिबळप्रेमी पालकांना हे वाचून कसेसेच होईल, मलाही झाले.

२५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. जागतिक संघटनेने १९५० मध्ये ग्रँडमास्टर पदवी सुरू करून २७ खेळाडूंना दिली, त्यांत त्यांचे नाव नव्हते. ती पदवी त्यांना २०२४ च्या फेब्रुवारीत मिळाली, मृत्यूनंतर जवळजवळ ५८ वर्षांनी.