पाटाच्या शेवटचे शेत : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

पाटाच्या तोंडाशी शेत असणे आणि पाटाच्या शेवटाला शेत असणे ह्यांत केवढे अंतर आहे, हे ज्याने चैत्र-वैशाखात रात्री जागून दारे धरली आहेत त्यालाच ठाऊक. वरचा शेतकरी वाफे तुडुंब भरून घेतो. खालच्याच्या चारीत नुसती ओल उतरते. सरकारी दप्तरात मात्र पाट दोघांचाही असतो.

हे दुखणे जुने आहे. पुणे जिल्ह्यातील नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, पुढे भाटघरचे धरण पुरे झाले, आणि दुष्काळी मुलखात पाणी खेळू लागले. पण ते जावे तसे जाईना. पाऊस बरा झाला की शेतकरी पाण्याकडे फिरकत नसत, पाऊस ओढला की सगळे एकदम मागत. ज्यांची शेते वरच्या बाजूस होती त्यांनी उसाची चटक लावून घेतली. ऊस बारमाही पिणारा. शिवाय इथे एक तुकडा, तिथे एक तुकडा असा विखुरलेला, म्हणून थोड्याशा उसासाठी मैलोगणती चाऱ्या भरून वाहत्या ठेवाव्या लागत. वाटेत निम्मे पाणी जमीनच पिऊन टाकी. त्याचा दुसरा परिणाम असा, की सखल काळ्या जमिनी पाणथळ होऊन खारावू लागल्या आणि गावांत हिवतापाने ठाण मांडले.

हा गुंता सोडवण्याचे काम ज्यांच्याकडे आले, ते विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचे. जन्म १८६१ चा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरला पदवी घेतल्यावर संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले, १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, मग सिंधमध्ये सक्कर, सुरत आणि पुन्हा पुणे, अशी त्यांची नोकरी फिरली. म्हणजे त्यांच्या उमेदीची चोवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली, ही गोष्ट आपण मराठी माणसे अनेकदा विसरतो.

१८९९ साली त्यांनी कालव्यावर जी पद्धत आणली तिला ‘ब्लॉक’ पद्धत म्हणतात. कल्पना अगदी साधी होती. पाणी विखरून द्यायचे नाही. प्रत्येक गावात योग्य जमीन निवडून तिचा एकत्र गट पाडायचा. त्या गटाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यातच ऊस घ्यायचा, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके. आणि ऊस दरवर्षी जागा बदलत गटभर फिरवायचा. बदल्यात सरकारने ठरावीक वर्षांच्या मुदतीने पाण्याची हमी द्यायची. पाणी पाळीने, मोजके, पण नक्की. वाचलेले पाणी खालच्या गावांना पोहोचवायचे. खानदेशात पांझरा नदीवर गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ह्या रचनेत ओळखीचे काही दिसेल. तिथेही एका फडात एकच पीक, आणि पाणी पाटकरी देईल तेवढेच.

पण सुधारणा कागदावर जितकी साधी, तितकी बांधावर नसते. ज्यांना हवे तेव्हा हवे तितके पाणी घेण्याची सवय होती त्यांनी तक्रारी केल्या. त्यांच्या दृष्टीने हा साहेब त्यांच्या पिकाच्या आड येत होता. त्यांचेही अगदीच चुकत होते असे मला वाटत नाही; सरकारने आज दिलेला शब्द उद्या राहील असा भरवसा शेतकऱ्याला कोणत्याही राज्यात सहज येत नाही. विश्वेश्वरय्यांनी हुकूम काढून भागवले नाही. बैठका घेतल्या, समजावले. हळूहळू पद्धत रुजली आणि इतर कालव्यांवरही गेली.

त्याच सुमारास खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. तळे ठराविक पातळीच्या वर चढले की दरवाजे पाण्याच्याच बळाने उघडत आणि पूर ओसरला की मिटत. माणूस लागत नसे. भिंत न उंचावता साठा वाढला. ह्या युक्तीचे पेटंट त्यांच्या नावे झाले, पण नोकरीत असताना केलेल्या कामाचे स्वामित्वधन त्यांनी घेतले नाही. असे दरवाजे पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावरही बसले.

मुख्य अभियंत्याचे पद भारतीयाला मिळण्याची आशा तेव्हा नव्हती. १९०८ साली ते नोकरीतून बाहेर पडले. त्याच वर्षीच्या २८ सप्टेंबरला मुसी नदीने हैदराबाद बुडवले, आणि निजाम सरकारने त्यांना बोलावले. शहराच्या वर पूर अडवणारे जलाशय बांधा, हा त्यांचा सल्ला. उस्मानसागर आणि हिमायतसागर ही त्याची फळे. पुढचे म्हैसूरचे दिवाणपद, कृष्णराजसागर आणि १९५५ चा भारतरत्न किताब सर्वांना माहीत आहेत. कृष्णराजसागराच्या कालव्याखाली मंड्याकडे त्यांची ब्लॉक पद्धत पुन्हा लागू झाली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

१९६१ च्या जुलैत पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फोडली. विश्वेश्वरय्या तेव्हा बंगळूरला होते, वयाच्या शंभरीत. पुढच्या एप्रिलमध्ये ते वारले.

नीरेच्या खोऱ्यात ‘ब्लॉक’ हा शब्द मात्र शेतकऱ्याच्या तोंडी मराठीच होऊन गेला. गंमत अशी, की उसाला आवर घालण्यासाठी काढलेली ही तजवीज काळाच्या ओघात ऊस लावण्याचा परवाना ठरली. ब्लॉक मंजूर झाला म्हणजे ऊस पक्का. २००५ साली महाराष्ट्राने कायदा करून कालव्याचे पाणी पाणीवापर संस्थांना घनमापाने, मोजून द्यायचे ठरवले. शेवटच्या शेतापर्यंत ते किती उतरते, ह्यावरून चावडीवर भांडणे होतात ती अजून तीच.