महायुद्धात फिल्म मिळेना, तेव्हा दादासाहेब फाळकेंनी आगकाड्या नाचवल्या!

भारतातल्या सुरुवातीच्या अ‍ॅनिमेशनपटांमागचं नाव तुम्हाला ठाऊक आहे: दादासाहेब फाळके.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. पण १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. परदेशातून येणारी कच्ची फिल्म मिळेनाशी झाली, भांडवलदारांनी हात आखडता घेतला. नाशिकला थाटलेलं काम अडचणीत आलं.

मग फाळके लघुपटांकडे वळले. त्यातलाच एक ‘आगकाड्यांची मौज’. काडी किंचित सरकवायची, एक चित्र टिपायचं, पुन्हा सरकवायची. ही चित्रं भराभर दाखवली, की निर्जीव काड्या पडद्यावर हलायच्या.

कॅमेऱ्याच्या अशाच करामती त्यांनी रामायणावरच्या ‘लंकादहन’मध्येही (१९१७) केल्या. काव्यातला हनुमान प्रेक्षकांना उडताना दिसला. चित्रपट तुफान चालला आणि फाळके सावरले.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. आज मोबाइलवर स्टॉप-मोशन व्हिडिओ करणारी मुलंही फाळकेंचीच युक्ती वापरतात: वस्तू जराशी हलवा, फोटो काढा.