बद्रुद्दीन तय्यबजी : आमदारकी चार वर्षांची, शाळा आजही सुरू

मुंबईत सीएसएमटी स्टेशनसमोर अंजुमन-ए-इस्लामची दगडी इमारत आहे. आपल्यापैकी कित्येकांचे शिक्षण तिथे झाले. ही संस्था उभी करणाऱ्यांमध्ये बद्रुद्दीन तय्यबजी हे नाव आघाडीवर होते. त्यांना आपण काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष एवढेच ओळखतो. पण त्यांची खरी कमाई शिक्षणाची आहे.

10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील मुल्ला तय्यब अली यांनी इंग्रजी शिक्षणाची भीती धरली नाही, मुलांना थेट विलायतेला धाडले. 1867 मध्ये बद्रुद्दीन बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईत वकिली करणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर.

त्या काळी मुस्लिम घरांत इंग्रजी शाळा म्हणजे दीन बुडाला, अशी धास्ती होती. नुसत्या उपदेशाने ती जाणार नव्हती. म्हणून मोठे बंधू कमरुद्दीन आणि इतर साथीदारांसह त्यांनी 1874 मध्ये अंजुमन स्थापन केली. 1880 मध्ये तिची शाळा सुरू झाली.

1882 मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. तब्येत साथ देईना, म्हणून 1886 मध्ये त्यांनी ती जागा सोडली. काम मात्र थांबले नाही. पुढच्याच वर्षी मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांचा काँग्रेसला विरोध होता. शिक्षणाच्या प्रश्नावर दोघांची तळमळ सारखीच, पण राजकारणात तय्यबजी आपल्या मतावर ठाम राहिले.

1895 मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1897 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना आधी जामीन नाकारला गेला होता. तो मंजूर केला तय्यबजींनी.

मुलींच्या शिक्षणाची सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली. सगळ्या मुलींना शिकवले, 1904 मध्ये दोघींना इंग्लंडच्या शाळेत पाठवले. त्याआधी 1903 च्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेत, अध्यक्षपदावरून, त्यांनी पडद्याच्या कडक चालीवर टीका केली होती. ती अनेकांना रुचली नाही.

19 ऑगस्ट 1906 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आज आपल्याकडे सभा होतात, ठराव होतात, सरकारकडे निवेदने जातात. तेही हवेच. पण तय्यबजींनी सरकारची वाट पाहत बसण्याऐवजी शाळा काढली आणि आपल्या लेकींना आधी शिकवले. आपल्या मोहल्ल्यातली एखादी मुलगी दहावीनंतर घरी बसत असेल, तर तिच्या वालिदांशी बोलायला आपण जाणार की नाही?