गावोगावच्या दप्तरांचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची ही गोष्ट आहे. त्या काळी महाराष्ट्रातील अनेक जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर मोडी लिपीतील कागदपत्रे रुमालांत बांधून ठेवलेली असत. पेशवाई जाऊन बराच काळ लोटला होता आणि अनेक घरांत या कागदांची किंमत कोणाला उरली नव्हती. काही कागद वाळवीने खाल्ले, काही पावसात भिजून कुजले, तर काही पुड्या बांधण्यासाठी वाण्याच्या दुकानात गेले. या कागदांत आपल्या समाजाचा इतिहास दडलेला आहे, हे ओळखून ते वाचवण्यासाठी एका विद्वानाने आपले आयुष्य वेचले. ते विद्वान म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी उच्च शिक्षण घेतले. पुढे काही काळ शिक्षकाची नोकरीही केली. परंतु नोकरीत त्यांचे मन रमले नाही. तरुणपणीच पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही ग्रंथलेखन मराठीतच करण्याचा त्यांचा निश्चय होता.

मराठ्यांच्या इतिहासासाठी त्या वेळी मुख्यतः ग्रँट डफ या इंग्रज अमदानीतील अधिकाऱ्याचा १८२६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आणि जुन्या बखरी यांचा आधार घेतला जाई. बखरी पुष्कळदा घटनेनंतर दीर्घ काळाने, ऐकीव माहितीवरून लिहिलेल्या असत. म्हणून त्या त्या काळी लिहिलेले अस्सल पत्र हाच अधिक विश्वसनीय पुरावा होय, असा राजवाडे यांचा आग्रह होता.

अशी पत्रे मिळवण्यासाठी ते गावोगाव हिंडले. प्रवास बहुधा पायी होई. राहणी अत्यंत साधी आणि स्वयंपाक स्वतःच्या हातचा. मात्र पायपिटीपेक्षाही अवघड काम होते ते लोकांचा विश्वास मिळवण्याचे. कागद हातचे गेले तर इनामाचा किंवा वतनाचा पुरावा नाहीसा होईल, अशी भीती अनेकांना वाटे. त्यामुळे दप्तर दाखवण्यासही काही जण तयार होत नसत. राजवाडे चिकाटीने पुन्हा पुन्हा जात, कागद वाचत आणि त्यांच्या नकला करून घेत.

वाई येथे त्यांना मोलाची जुनी पत्रे मिळाली. ती १७५० ते १७६१ या काळातील होती. पानिपतच्या मोहिमेचे चित्र त्यांतून स्पष्ट झाले. ही पत्रे १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाली. या मालेचे एकूण २२ खंड निघाले. त्यांत राजकारणाबरोबरच वतने, तंटे, देवस्थाने आणि गावगाडा यांविषयीचे कागदही आहेत.

एकट्याने हे कार्य पुरे होणारे नव्हते. म्हणून १९१० साली खंडेराव मेहेंदळे यांच्या सहकार्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. परंतु राजवाडे यांचा स्वभाव करारी आणि काहीसा तापट होता. पुढे सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि ते मंडळापासून दूर झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी धुळे येथे वास्तव्य केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह जतन व्हावा या हेतूने १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.

राजवाडे यांचे सर्वच निष्कर्ष पुढील अभ्यासकांनी स्वीकारले नाहीत. तथापि, ते निष्कर्ष तपासून पाहण्यासाठी लागणारी साधनेही बऱ्याच अंशी राजवाड्यांनीच जमवून ठेवली होती. इतिहास केवळ राजधानीत घडत नाही. त्याचे धागे लहान गावांत आणि सामान्य घरांतही सापडतात, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या घरातील एखादे जुने खत, गावातील शिलालेख किंवा देवळातील जमाखर्चाची वही टाकून देण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण आहे.