अनुकरण आणि स्वत्व

परक्यांचें अनुकरण केलें कीं स्वत्व गेलें, असा समज आमच्या सुशिक्षितांतही पुष्कळ आढळतो. या बाबतींत जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराचें चरित्र विचार करण्याजोगें आहे.

अमेरिकन आईबापांच्या पोटीं 1856 सालीं फ्लॉरेन्स येथें जन्मलेला सार्जंट 1874 सालीं पॅरिसमध्यें कारोलुस-दुराँ यांचा शिष्य झाला. रेखाटनांत न अडकतां कुंचल्यानेंच छायाप्रकाश मांडावा व व्हेलास्केथचा अभ्यास करावा, ही गुरूची शिकवण. 1879 सालीं सार्जंट माद्रिदला गेला आणि प्रादो संग्रहालयांतील, व्हेलास्केथनें 1656 सालीं काढलेल्या, राजकन्या व तिच्या परिवाराच्या समूहचित्राची त्यानें तैलरंगांत नक्कल केली. पुढील वर्षीं हार्लेम येथें फ्रान्स हाल्सच्या समूहचित्रांवर त्यानें तोच पाठ गिरविला.

या मेहनतीचें फळ 1882 सालीं दिसलें. बॉइट घराण्यांतील चार बहिणींचें चित्र काढतांना त्यानें मुलींना रांगेंत उभें केलें नाहीं. मोठ्या दोघींना तर मागच्या अंधारांत ठेविलें. चित्रांत रिकामी जागा फार, अशी टीका झाली. माद्रिदच्या चित्राची आठवण त्यांत स्पष्ट आहे, पण रचना सर्वस्वीं त्याची स्वतःची आहे. 1925 सालीं तो लंडनमध्यें वारला, तेव्हां त्याची कीर्ति दोन्ही खंडांत पसरली होती.

दुसऱ्याच्या पेढीवर जमाखर्च शिकलेला मुनीम पुढें स्वतःची पेढी घालतो, त्यास कोणी दास म्हणत नाहीं. आम्हांस लाज वाटावी ती शिकण्याची नव्हे. जन्मभर नक्कलच करीत बसण्याची.